दोन कोठ्या काडतुसं

पैज लागली ती जुलैच्या शेवटच्या रविवारी, हृषिकेशच्या शेडमध्ये, चहाच्या दुसऱ्या कपावर. ऑगस्टपासून गावच्या फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, फायनलपर्यंत ज्याची जास्त करडं कोल्ह्याच्या तोंडी जातील तो हरला. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा बोकड एकचाकी ढकलगाडीत बसवायचा आणि फायनलच्या हाफ टाइमला अख्ख्या मैदानाला फेरी मारायची. अंगात पांढरा शर्ट, इस्त्रीचा. बोकड मध्येच उतरला तर फेरी पहिल्यापासून. ही शेवटची अट माझी.

"डन," हृषिकेश म्हणाला. "तुझा सरपंच भरतो किती रे? शंभर किलो?"

"तुला काय करायचंय? जिंकणार तूच ना?"

"जिंकणार मीच. पण माझा बोकड त्याहून जड आहे. तुझी कंबर बघता तो उचलणार कोण?"

सरपंच म्हणजे माझा बोअर जातीचा बोकड. तोंडानं तांबडा, अंगानं पांढरा असायला हवा, पण स्वतःच्याच दाढीवर मुतायची सवय असल्यानं पुढून पिवळा. वारा दक्षिणेचा असला तर आमच्याकडं पाहुणा आलेला कळायच्या आधी पाहुण्याला सरपंच कळतो.

हृषिकेश पुण्याचा. मेलबर्नच्या पॉइंट कुकमधलं चांगलं डबल स्टोरी घर विकून वॉरिंगलला चाळीस एकर घेतली. आठवड्यातले तीन दिवस लॅपटॉपवर, चार दिवस गमबुटात. आमचं वॉरिंगल म्हणजे क्रेगीबर्न ओलांडून फ्रीवेनं तासभर वर. एक पब, एक मैदान, एक शेतीमालाचं दुकान. मी त्याच्या आधी पाच वर्षं आलो. पिंपरीत फिटर होतो, मग डँडेनॉन्गला कारखान्यात चौदा वर्षं काढली आणि शेवटी जिथून निघालो तिथंच पोचलो, शेळ्यांच्या मागं.

शेडमध्ये हृषिकेशच्या मागं भिंतीला साखळदंडानं बांधलेल्या दोन स्टीलच्या कोठ्या उभ्या होत्या. डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या देशी भांड्यांच्या दुकानातून आणलेल्या, आपण वर्षाचे गहू ठेवतो तसल्या. दोन्हीला कुलूप. आत गहू नव्हते. कोल्हे मारायच्या पॉइंट टू-टू रायफलची काडतुसं होती. त्यानं स्वतःच्या लायसनवर घेतली, बायकोच्या, मितालीच्या लायसनवर घेतली, क्रेगीबर्नहून मेव्हण्याला, यतिनला, दर शनिवारी बोलावून त्याच्या लायसनवर घेतली.

"तुझ्याकडं किती आहेत?" त्यानं विचारलं.

"अकरा."

"बॉक्स?"

"नग."

त्यानं मितालीकडं बघितलं. ती चिवड्याची वाटी घेऊन उभी होती. तिनं मान दुसरीकडं वळवली, कारण तिला हसू आलं होतं. हृषिकेश उठला, कुलूप काढलं, कोठीत हात घातला.

"हात पुढं कर. उजवा."

मी केला. त्यानं माझ्या तळव्यावर एक काडतूस ठेवलं, तीर्थ देतात तसं.

"असू दे. आपलेपणानं."

अकराचे बारा झाले. हाताला काहीतरी चिकट लागलं म्हणून मी पॅन्टला पुसलं आणि घरी आलो. कान गरम झाले होते.

आता कुणाला माहीत नाही ते सांगतो. काडतुसांची ही सगळी टंचाई वॉरिंगलमध्ये आणली कुणी, तर मी.

मे महिन्यात ट्रेव्हच्या दुकानात उभा होतो. ट्रेव्ह म्हणजे ते शेतीमालाचं दुकान चालवतो तो. खतापासून मोजे ते काडतुसं सगळं त्याच्याकडं. हृषिकेश बाजूच्या रॅकवर बूट बघत होता. माझ्या अंगात तेव्हा काय आलं कुणास ठाऊक. मी ट्रेव्हच्या कानाशी गेलो आणि हृषिकेशला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात म्हटलं, "मेट, ते काडतुसांचं जहाज अडकलंय म्हणे. ख्रिसमसपर्यंत काही येत नाही. कुणाला बोलू नको."

ट्रेव्हनं भुवई वर केली. बूट रॅकवर परत ठेवल्याचा आवाज आला.

मला वाटलं, हृषिकेश चार बॉक्स जास्त घेईल आणि आपण महिनाभर हसू. शनिवारी दुकानाच्या बाहेर सात यूट, म्हणजे मागं उघड्या हौद्याच्या गाड्या, उभ्या. पुढच्या शनिवारी वीस. ट्रेव्हनं माणशी दोन बॉक्सची पाटी लावली, तशी जे कधी सशावर दगड मारत नव्हते तेही रांगेत. सहा आठवड्यांत फळी रिकामी. आणि मग खरंच मेलबर्नच्या डेपोनं कळवलं की माल कमी आहे, कारण सगळ्या गावांतून एकदम मागणी आली. माझं जहाज फिरत फिरत कुठं कुठं जाऊन आलं असेल देव जाणे.

आणि मी? विनीता, माझी बायको, मे महिन्यापासून सांगत होती, शेळ्या व्यायच्या सीझनचे बॉक्स आणून ठेव. मी म्हणत होतो, आणतो की, पळून जातायत काय.

जून सरताना गेलो तर ट्रेव्हनं काउंटरवर दोन्ही हात उताणे ठेवले. "सॉरी मेट. जहाज अडकलंय."

मलाच सांगत होता.

विनीताचं थोडं सांगायला हवं. ती हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते, आठवड्याला चार दिवस तासभर गाडी हाकून जाते आणि आल्यावर शेळ्या बघते. मागच्या वर्षी कोल्ह्यानं आमची तेवीस करडं नेली. नेली म्हणजे सगळी नेत नाही. जीभ खातो, शेपटीकडचं खातो आणि टाकून जातो. शेळी तिथंच उभी राहून चाटत असते. ती सगळी करडं विनीतानं उचलली, खड्डा तिनं खणला. तेविसावं पुरल्यावर फावडं धुऊन भिंतीला लावलं आणि म्हणाली, "अजून एक सीझन. परत असं झालं तर शेळ्या विकायच्या आणि पॉइंट कुकला दोन खोल्यांचं युनिट घ्यायचं. मी आरडाओरडा करत नाहीये, बघ."

करत नव्हती. म्हणून तर भीती.

पैज लावून आलो त्या संध्याकाळी ती टेबलाशी बसून यादी करत होती. साठ शेळ्या, पहिल्या वेताच्या किती, जुळी कुठल्या. मी बारा काडतुसं टेबलावर उभी केली. तिनं मोजली नाहीत, नुसती बघितली.

"बाकीची?"

"हृषिकेशच्या कोठीत."

"आणि?"

बावीस वर्षांच्या संसारात मी बाईला पुष्कळ थापा मारल्यात, पण त्या बारा काडतुसांसमोर एकही सुचेना. जहाजाचं सांगून टाकलं. तिनं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे गंमत म्हणून तू गावातली काडतुसं संपवलीस. आपली पण."

"तसंच म्हणायचं तर."

"मिताली माझ्याकडं बघून हसत असणार."

"चिवडा देताना थोडी हसली."

विनीता उठली, जॅकेट घातलं, टॉर्च घेतला आणि शेळ्या बघायला गेली. दारातून म्हणाली, "तुझ्या आज्याच्या रानात मेंढरं बसायची ना? त्यांच्याकडं कुठं बंदुका होत्या? कर काहीतरी."

माझा आजा माणदेशातला. उन्हाळ्यात धनगर आमच्या रानात मेंढरं बसवायचे. संध्याकाळ झाली की चार खुंट्या ठोकून भोवती वाघर लावायची. वाघर म्हणजे जाळं, दोरीचं, पुरुषभर उंच. मेंढरं आत, कुत्री बाहेर, लांडगा बांधावर बसून राहायचा. तिसऱ्या दिवशी वाघर उचलून पुढच्या तुकड्यात. रानाला खत फुकट मिळायचं.

क्रिकेट क्लबनं त्याच महिन्यात सरावाची जुनी जाळी काढून मैदानामागं टाकली होती. विचारलं तर म्हणाले, "गो फॉर इट." दोन खेपा यूट भरून आणली. उंदरांनी कुरतडलेली, शेवाळ चढलेली. पाच दिवस आम्ही दोघं ती शिवत बसलो. नायलॉनच्या दोऱ्यानं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, रात्री भात कालवताना मीठ झोंबायचं. विनीता एक्स-रे काढणारी बाई, गाठ अशी मारायची की सुरीनं सुटू नये. पहिले दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. "धर." "ओढ." "सोड."

जाळं उभं केलं. सरपंचानं पहिल्या तासात त्यात शिंगं अडकवून घेतली आणि अर्धं खाली आणलं. मग आतल्या बाजूनं लाकडी पॅलेट उभी करून बांधली. खालचं हातभर जाळं बाहेरच्या बाजूला मुडपून जमिनीवर पसरलं, वर दगड ठेवले. कोल्हा कुंपणाच्या बुडाशी उकरतो, हातभर मागं सरून उकरायची अक्कल त्याला नसते. जमीन पावसानं भिजलेली. गमबूट चिखलात रुतायचा आणि पाय मोज्यासकट बाहेर यायचा.

राहिलं ते शेळ्यांना वेळेवर आत आणणं. त्यासाठी विनीतानं स्टीलची थाळी काढली. रोज पाच वाजता तिनं, आणि ती ड्यूटीवर असली तर मी, पळीनं थाळी बडवायची आणि आत मूठ मूठ मका टाकायचा. चौथ्या दिवसापासून शेळ्या थाळी ऐकली की टेकडीवरून धावत यायला लागल्या. सगळ्यांत पुढं सरपंच, दाढी उडवत.

हृषिकेश कुंपणाला टेकून बघत होता.

"दीन्या, आरती कितीची असते रे?"

"पाचची. प्रसादाला मका आहे, येतोस?"

"तू क्रिकेटच्या जाळीत कोल्हे पकडणार. एलबीडब्ल्यू द्यायला अंपायर मागवलास का?"

हे त्यानं पबमध्येही सांगितलं. पुढचे पंधरा दिवस मी तिथं शिरलो की कुणीतरी चमचा ग्लासावर वाजवायचं. मी प्रत्येक वेळी बोकडासारखा ओरडायचो. करतो काय, अंगातली खोड.

ऑगस्टच्या चार तारखेपासून शेळ्या व्यायला लागल्या. दिवसातून सहा सहा. इकडचा ऑगस्ट म्हणजे हिवाळा, गारठा असा की करडू खाली पडलं की वाफ निघायची. पुसायचं, नाळेला आयोडीन लावायचं, आईच्या सडातलं चिकाचं बूच काढून तोंडाशी धरायचं. गुडघे सुजले. माझे आणि शेळ्यांचे सारखेच. पहाटे उजाडताना आणि दिवस मावळताना मी वाघरीच्या कोपऱ्यावर उलट्या बादलीवर रायफल घेऊन बसायचो. तीस पावलांच्या आत आल्याशिवाय मारायचं नाही, मागं मातीचा बांध असल्याशिवाय तर नाहीच. पहिल्या आठवड्यात तीन गोळ्यांत दोन कोल्हे मारले. पिंपरीत मायक्रोमीटर धरलेला हात आहे, उगाच नाही.

दहाव्या दिवशी गडबड झाली. सकाळी वाघर उघडून शेळ्या सोडत होतो. एक लंगडी शेळी मागं राहिली आणि तिचं काल जन्मलेलं करडू फाटकाबाहेर येऊन उन्हात उभं राहिलं. बॉक्सथॉर्नच्या काटेरी झुडपातून कोल्हा निघाला. वीस पावलं. मागं बांध. मी नेम धरला आणि चाप ओढला.

खट्.

कोल्ह्यानं करडू मानेला धरलं आणि गेला. मी नळी खाली धरून मनात तीसपर्यंत मोजलं, कारण न उडालेली गोळी उशिरा उडू शकते. मग काडतूस बाहेर काढायचा खटका मागं ओढला. काडतूस हातावर पडलं. चिकट. नाकाशी नेलं.

एरंडेल.

मी चिखलातच बसलो. लहानपणी दर रविवारी आईनं नाक दाबून पाजलेला वास, तो मरेपर्यंत विसरणार नाही. आणि गव्हाला लावतात तेही हेच. कीड लागू नये म्हणून तेल गरम करून दोन्ही हातांनी चोळायचं आणि कोठीत भरायचं. हृषिकेशनं दोन कोठ्या काडतुसं डब्यांतून मोकळी केली होती, दमट हवेत गंजू नयेत म्हणून तेल चोळलं होतं आणि झाकण लावून कुलूप घातलं होतं. दीड-दोन महिने ते तेल शिशाच्या कडेनं आत उतरत बसलं होतं.

हसून हसून माझ्या पोटात कळ आली. विनीता आली, हातात करडू ठेवायचं रिकामं पोतं. तिनं वास घेतला. तिचेही ओठ हलले, पण हसली नाही.

"जाऊन सांग त्याला."

"अगं, पैज आहे. सहा आठवडे गप्प बसलो की झालं."

"मितालीच्या शेळ्या आज व्यायला लागल्यात."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्या पलीकडं बघत होती, जिथून कोल्हा गेला होता तिथं.

गेलो. हृषिकेश शेडच्या दारात रायफल साफ करत होता.

"तुझी काडतुसं मेलीत," मी म्हटलं. "एरंडेल आत गेलंय. एक एक करून बघ हवं तर."

तो हसला. "किती करडं गेली तुझी?"

"दोन. एक आज."

"आणि म्हणून तू मला माझी काडतुसं टाकून द्यायला सांगायला आलास."

"आजची न उडालेली गोळी तुझीच होती. तीर्थाची."

"दीन्या, आई चाळीस वर्षं गव्हाला लावते. एक दाणा किडलेला नाही."

"गहू कुठं उडवायचेत तिला?"

"जा बाबा. आरतीची वेळ होईल."

याच माणसाला मी जहाज विकलं होतं. त्यानं ते एका क्षणात घेतलं. आणि खरं सांगायला गेलो तर दारातून परत.

पुढचे सात दिवस सकाळी कुंपणापलीकडून आवाज यायचा. खट्. मग शांतता. मग एखादा बार, तोही वाकडा. मग खट्. तेलावर धूळ बसून त्याचा खटका अडकायला लागला होता, तो स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायचा. पाच गेली. नऊ गेली. कोल्ह्यांना कळलं होतं की इकडं जाळं आहे आणि तिकडं नुसता आवाज.

सतराव्या करडाला मिताली कुंपणापाशी आली. पहाटेच्या धुक्यात मला आधी तिचा पिवळा रेनकोटच दिसला. छातीशी करडू धरलं होतं, जिवंत होतं, कान फाटलेला.

"विनीता आहे?"

विनीता बाहेर आली. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना. त्या चिवड्याचं दोघींनाही आठवत असणार.

"तुमच्या जाळ्यात जागा आहे का गं?" मितालीनं विचारलं. "तो विचारणार नाही. मी विचारतेय."

विनीतानं करडू तारेवरून घेतलं, जॅकेटच्या आत घातलं आणि माझ्याकडं वळली. "क्लबमागं अजून जाळं पडलंय ना? यूट काढ."

त्या दिवशी आम्ही चौघांनी कुंपणाची तार काढली आणि वाघर दुप्पट केली. हृषिकेश खुंट्या ठोकत होता. दुपारपर्यंत थांबला नाही. मग घण खाली ठेवून तळवे बघत म्हणाला, "दोन हजार तरी असतील रे. मी एकेक हातानं चोळलंय."

"सुगंध येतो अजून."

"पैज चालू आहे ना?"

"तू म्हणशील तर सोडू."

"नाही," तो म्हणाला. "मी हरलोय. गाडी कुणाची, तुझी का माझी?"

तेव्हापासून पाच वाजता थाळी दोन घरांची वाजायला लागली. एकशे दहा शेळ्या टेकडीवरून उतरताना बघायला पबमधले लोक यूट थांबवायचे. चमचा वाजवणं बंद झालं. वाघर तिसऱ्या दिवशी हलायची आणि मागं गवताचा हिरवागार चौकोन राहायचा. सप्टेंबरपर्यंत आमचं पॅडॉक, म्हणजे शेळ्यांचं चरायचं रान, बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायला लागलं. त्यानंतर एकही करडू कोल्ह्याच्या तोंडी गेलं नाही. माझ्याकडं शेवटी चार काडतुसं उरली, कोरडी.

फायनलच्या आदल्या दिवशी हृषिकेश आणि मी दोन कोठ्या पोलिस स्टेशनात नष्ट करायला देऊन आलो. ड्यूटीवरच्या बाईनं झाकण उघडलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"व्हॉट हॅव यू डन टू देम?"

"प्रिझर्व्ह केलंय," हृषिकेश म्हणाला.

फायनलला अख्खं वॉरिंगल आलं होतं, शेजारच्या तीन गावांसकट. हाफ टाइमची शिट्टी झाली तसा ट्रेव्हनं माईक हातात घेतला. कॉमेंट्री दरवर्षी तोच करतो. हृषिकेश पांढऱ्या शर्टात आला. इस्त्री मितालीनं केली होती, बाहीला कडक घडी होती. सरपंचाला गाडीत चढवायला चार खेळाडू लागले. तो मात्र बसला असा, जणू हे सगळं त्याच्यासाठीच ठरलं होतं.

"लेडीज अँड जंटलमन," ट्रेव्ह म्हणाला, "दोन हजार काडतुसं, आणि बाद झाले शून्य कोल्हे."

हृषिकेशनं गाडी उचलली. गर्दी ओरडायला लागली. चाक ओल्या गवतात रुतत होतं, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. पहिल्या वळणावर सरपंचानं दाढी भिजवायचा कार्यक्रम उरकला आणि उरलेलं पांढऱ्या शर्टाला दिलं. पुढच्या रांगेतली माणसं मागं सरकली. हृषिकेश थांबला नाही. तिसऱ्या वळणावर, आम्ही उभे होतो तिथं येईपर्यंत तर तो चक्क लोकांना हात हलवत होता, एका हातानं गाडी सांभाळत. जिथून निघाला तो गोलपोस्ट तीस पावलांवर राहिला होता.

आणि माझ्या शेजारी विनीतानं पिशवीतून थाळी काढली.

"अगं," मी म्हटलं.

तिनं पळी मारली. एकदाच.

सरपंच उभा राहिला, कान टवकारले आणि गाडीतून उडी मारून थेट तिच्यापाशी आला. शंभर किलोचा बोकड मका हुंगत तिच्या पिशवीत तोंड घालतोय, मागं हृषिकेश रिकामी गाडी धरून उभा आणि सगळं मैदान खाली बसून हसतंय. माझी तर मज्जाच झाली. मी दोन्ही हातांचा भोंगा केला.

"पहिल्यापासून," मी ओरडलो. "अट म्हणजे अट. पहिल्यापासून."

"हो," विनीता म्हणाली, आणि थाळी माझ्या छातीला टेकवली. "पण ही फेरी तू ढकल. जहाज तुझं होतं."

हृषिकेशनं मान वळवली. "कुठलं जहाज?"

मितालीनंही मान वळवली. सरपंच सोडून सगळेच माझ्याकडं बघत होते.

"ते," मी म्हटलं, "ख्रिसमसपर्यंत न येणारं."

तो माईकवाल्या ट्रेव्हकडं बघायला लागला. बूट, रॅक, ट्रेव्हच्या कानाशी वाकलेला मी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसत होतं. मग त्याच्या खांद्यांना झटके बसायला लागले. वाटलं रडतोय. हसत होता. गाडी सोडून गुडघ्यांवर हात ठेवून हसत होता.

"डावीकडचा दांडा धर," तो शेवटी म्हणाला. "उजवा माझा. हरलोय मी, पूर्ण सोडणार नाही."

चार खेळाडूंनी सरपंचाला पुन्हा चढवलं. मी डावा दांडा धरला. वास तोंडावर आला तसं डोळ्यांत पाणी आलं. ट्रेव्ह माईकवर नुसता आमची नावं घेत राहिला, दोन्ही चुकीची. आम्ही उचललं, चाक रुतलं, निघालं.

मागं विनीता थाळी घेऊन उभी होती. तिच्या खांद्यावर डोकं टेकून मिताली हसत होती. पहिल्या वळणावर मी मागं वळून बघितलं. विनीतानं पळी हवेत धरली होती, मारली नव्हती. नुसती दाखवत होती.

"हृष्या," मी म्हटलं, "पळ."

आम्ही पळालो.